तळघरातले जुने इन्स्टॉलर

आपल्या नवऱ्याला नेमकं काय झालंय, हे हेडी विसग्रिलला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. पण जे काही झालंय ते तळघरात ठेवलेलं आहे, एवढं तिला ठाऊक होतं. व्हिएन्नातल्या हेर्नाल्स भागातल्या त्यांच्या जुन्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला तळघरात लाकडी फळ्यांचा एकेक पिंजरा येतो. लोक तिथे मोडक्या सायकली ठेवतात, बर्फात घालायचे बूट ठेवतात, सासूच्या तसबिरी ठेवतात. ओटोकार विसग्रिल यांच्या पिंजऱ्यात एक लोखंडी कपाट होतं आणि त्या कपाटात जुने इन्स्टॉलर होते.

इन्स्टॉलर म्हणजे संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम चढवणारी चीज. कंपनी दरवर्षी नवी सिस्टिम काढते, जुनी गुपचूप दुकानातून उचलते, आणि ज्याचा संगणक जुना त्याने मग आढ्याकडे बघत बसायचं. जुन्या संगणकाला एकदम नवी सिस्टिम पचत नाही. त्याला आधी मधली द्यावी लागते, ती अंगी लागली की पुढची, असं पायरीपायरीने वर न्यावं लागतं. आणि नेमकी मधली पायरीच कुठे मिळत नाही. हा धोका ओटोकार यांनी फार आधी ओळखला होता. त्यांनी एकेक पायरी वेळेवर उतरवून घेतली, सीडीच्या चकत्यांवर आणि पेनड्राइव्हवर भरली, प्रत्येकीवर लॅटिनमध्ये चिठ्ठी डकवली आणि कपाटाला कुलूप लावलं. लॅटिनमध्ये अशासाठी, की ते जन्मभर शाळेत लॅटिन शिकवत आले होते. व्हिएन्नात शाळेतल्या मास्तरालाही प्रोफेसर म्हणतात आणि मास्तर निवृत्त झाला तरी प्रोफेसर निवृत्त होत नाही.

भांडणाला कारण झाला जॅम. हेडी दर उन्हाळ्यात जर्दाळूचा जॅम करी आणि तो खाणारी माणसं घरात दोनच. बरण्या आधी फडताळात मावल्या, मग कपड्यांच्या कपाटात शिरल्या आणि शेवटी पलंगाखाली पोचल्या.

"ओटी, मी जॅमवर झोपते," हेडी एका सकाळी म्हणाली. "बायका गादीवर झोपतात, मी जॅमवर झोपते. त्या तुझ्या कपाटातल्या चकत्यांचा आजवर कुणाला उपयोग झालाय का?"

"होईल."

"कुणाला?"

"पुढेमागे कुणालातरी."

"अरे, पुढे तुझं वय वाढतंय, मागे माझं गेलं," हेडी म्हणाली. "हे बघ, ईस्टरपर्यंत मुदत देते. तोवर एकाने, फक्त एकाने, येऊन त्यातलं काही मागितलं, तर मी मरेपर्यंत चकार शब्द काढणार नाही. नाही कुणी आलं, तर कपाट रिकामं करायचं आणि जॅम खाली."

ओटोकार यांना हे लागलं. अट लागली नाही, 'फक्त एकाने' हे लागलं. जन्मभर त्यांनी अशी भाषा शिकवली होती की जी बोलणारं माणूस रस्त्यात भेटत नाही. वर्गातल्या पोरांनी त्यांना शंका विचारली ती 'तास संपला का' एवढीच. आयुष्यात एकदा तरी दार वाजावं, कुणी अडलेला माणूस दारात उभा असावा आणि आपल्याजवळ नेमकं तेच असावं, असं त्यांना मनापासून वाटे. हे त्यांनी हेडीला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिने त्यालाही मुदत दिली असती.

वर्षातून एकदा ते सगळे इन्स्टॉलर खोक्यात भरून वर आणत, एकेक चालवून बघत आणि परत खाली नेऊन ठेवत. त्या वर्षीचं खोकं घेऊन ते जिना चढत होते, तर मधल्या वळणावर हॉफराटबाई दम खात उभ्या. बाईंचे यजमान सरकारी खात्यात मोठे हॉफराट होते. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण पदवी त्यांनी बाईंच्या नावावर ठेवली होती. श्रवणयंत्रही होतं, ते बाई पर्समध्ये ठेवत, म्हणजे कानात घालून झिजायला नको.

"प्रोफेसरसाहेब, काय हो एवढं जड?"

"जुने इन्स्टॉलर, हॉफराटबाई."

इथे थोडं थांबायला हवं. व्हिएन्नात नळवाल्याला इन्स्टालाटर म्हणतात. मराठीत ध चा मा झाला तर इतिहास घडला. इथे तर अर्धं अक्षरही इकडचं तिकडे करावं लागलं नाही, बाईंच्या कानाने परस्पर करून टाकलं. शिवाय त्या शहरात इन्स्टालाटर मिळणं ही काय चीज आहे ते ज्याचा नळ गळतो त्यालाच माहीत. फोन केला तर तो उचलत नाही, उचललाच तर शरद ऋतूत येतो म्हणतो, आणि कुठल्या वर्षीच्या ते सांगत नाही. हॉफराटबाईंच्या न्हाणीघरात नाताळापासून टपटप चालू होती.

बाईंनी ओटोकार यांची बाही धरली. "जुने? तुमच्याकडे आहेत?"

"पुष्कळ आहेत."

"नवे काही कामाचे नसतात हो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी हे वाक्य आपण होऊन उच्चारलं होतं. ओटोकार यांनी खोकं पायरीवर ठेवलं. "बाई, तुम्ही अगदी माझ्या मनातलं बोललात! नवा आला की पहिल्यांदा काय करतो? चाललेलं बंद पाडतो आणि सांगतो, आता सगळंच नवीन घ्या. जुना बिचारा मुकाट्याने आपलं काम करतो."

"अगदी खरं. आणि हे मिळाले कुठे तुम्हाला?"

"आता नाही मिळायचे. बाजारातून गेले. मी वेळीच सांभाळून ठेवले म्हणून."

"कुठे?"

"इथेच, खाली तळघरात. सोय केलीय त्यांची."

हॉफराटबाईंनी खालच्या अंधाराकडे पाहिलं, मग ओटोकार यांच्याकडे पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आणला. "आणि... त्याचं बिलबिल?"

"छे छे! कसलं बिल?" ओटोकार यांनीही आवाज खाली आणला. जुन्या सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणं कायद्यात बसतं की नाही, याबद्दल त्यांच्या मनात एक बारीक शंका कायमची घर करून होती.

व्हिएन्नातल्या सभ्य माणसांच्या तोंडी जे शब्द मोठ्याने येत नाहीत, त्यांत 'फूश' हा एक आहे. फूश म्हणजे बिनपावतीचं काम. ते कुणीच करून घेत नाही, आणि प्रत्येकाच्या न्हाणीघरातल्या फरशा त्यानेच बसलेल्या असतात. त्यामुळे प्रोफेसरसाहेबांनी तळघरात काही म्हातारे नळवाले ठेवून घेतलेत, ते जुन्या वळणाचे आहेत आणि फूश करतात, ही बातमी इमारतभर फिरली ती एकदाही नीट शब्दांत सांगितली न जाता. कुणी भुवई उडवली, कुणी बोट ओठांवर ठेवलं. बातमी कानोकानी गेली असती तर कुठेतरी सुधारलीही असती. भुवईतून गेल्यामुळे सुधारायला वावच राहिला नाही.

दुसऱ्याच दिवशी हॉफराटबाई गुगलहुप्फ घेऊन आल्या. हा केक व्हिएन्नात कुणी उगाच कुणाला देत नाही. "आमचंही बघा हो कधीतरी," एवढंच म्हणाल्या आणि डोळा मिचकावून गेल्या. वरच्या मजल्यावरून दह्याचं गोड सारण भरलेला श्ट्रूडेल आला. पाठोपाठ इंजिनियर हाव्रानेक आले. हे गृहस्थ एका कारखान्यात उद्वाहनं तपासत असत आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक वर-खाली होणाऱ्या गोष्टीवर त्यांचं मत ठरलेलं होतं. त्यांनी आत आल्याबरोबर दार लावून घेतलं.

"प्रोफेसरसाहेब, आपल्यातच राहील."

"अर्थातच, इंजिनियरसाहेब."

"माझ्याकडचंही जुनंच आहे. हल्ली सारखं अडकतं. मधेच बंद पडतं, मग आपोआप चालू होतं."

"आवाज येतो?"

"घुर्र घुर्र असा."

"येणारच," ओटोकार यांनी वैद्याने नाडी सोडावी तशी मान हलवली. "किती जुनं?"

"घर घेतलं तेव्हाचं."

"अरे बाप रे. मग एकदम नवा लावून चालणार नाही. आधी अगदी जुना लावावा लागेल. त्याने जम बसवला की त्याच्यावर मधला, आणि मग त्याच्यावर नंतरचा."

हाव्रानेक यांनी बोटं मोजली. "म्हणजे तिघं?"

"कमीत कमी. मधला गाळला तर सगळं पुसलं जाईल."

"पुसून पण घेतात?" हाव्रानेक चकित झाले. "आणि घेता किती?"

"इंजिनियरसाहेब," ओटोकार ताठ बसून म्हणाले, "या गोष्टी मी विकत नाही."

हाव्रानेक यांना त्या रात्री झोप लागली नाही असं त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. तीन नळवाले, जुन्या वळणाचे, पुसूनबिसून देणारे, आणि फुकट! असा माणूस आपल्या डोक्यावर राहतो आणि आपण त्याला नुसतं नमस्कारावर वाटेला लावतो, याची त्यांना लाज वाटली. ते सकाळी पुन्हा आले आणि वाइनची बाटली ठेवून गेले.

आता ओटोकार यांची स्थिती काय वर्णावी! जिन्यात माणसं त्यांना वाट देऊ लागली. "आपला नंबर कधी?" असं हळूच विचारू लागली. ते प्रत्येकाला "ईस्टर होऊ द्या, एकेकाचं बघतो," असं म्हणत, कारण घाई केली की सिस्टिम बिघडते. घरी आल्यावर ते गुगलहुप्फचा तुकडा कापून हेडीपुढे ठेवत.

"फक्त एकाने, म्हणाली होतीस."

हेडी गुगलहुप्फ खात होती, पण तिच्या कपाळावर आठी होती. ज्या हॉफराटबाईंना टीव्हीचा रिमोट उलटा धरला की सुलटा कळत नाही, त्यांना ऑपरेटिंग सिस्टिमची पायरी हवी आहे, हे तिच्या गळी उतरेना. "ओटी, यात कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली. पाणी किती शब्दशः मुरतंय याची तेव्हा तिलाही कल्पना नव्हती.

इतक्यात जिन्याखालच्या फलकावर इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्रक लागलं. तळघराचा वापर केवळ वस्तू साठवण्यासाठी आहे. तेथे कोणाही व्यक्तीला तात्पुरता वा कायमचा निवारा देणे नियमबाह्य असून, संबंधितांनी त्वरित खुलासा करावा. ओटोकार यांनी ते वाचलं, कुणीतरी बिचारा बेघर माणूस तळघरात झोपत असावा असं त्यांना वाटलं, आणि त्यांचं मन कळवळलं. पण हाव्रानेक यांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"हे तुमच्यासाठी आहे."

"माझ्यासाठी?"

"कुणीतरी चुगली केली. तुम्ही असं करा, आपण होऊन फोन करा. आणि जास्त बोलू नका. इथे माणूस गुन्ह्याने अडकत नाही, खुलाशाने अडकतो."

सल्ला सोन्यासारखा होता. ओटोकार यांनी त्यातला फोन करण्याचा भाग तेवढा घेतला. फोनवर बराच वेळ एक वॉल्ट्झ ऐकून झाल्यावर व्यवस्थापनाच्या बाई आल्या.

"तळघरात आपण काय ठेवलंय?"

"जुने इन्स्टॉलर. पण त्याने कुणाला त्रास नाही. कपाटात असतात."

"कपाटात? आणि ते काम करतात?"

"सगळे! वर्षातून एकदा मी स्वतः बाहेर काढून बघतो ना."

"वर्षातून एकदा बाहेर काढता."

"रोज काढले तर खराब होतील. प्रकाश सोसत नाही त्यांना."

"विसग्रिलसाहेब," बाईंचा आवाज बर्फासारखा झाला, "त्यांचा विमा उतरवलाय का?"

ओटोकार दिलखुलास हसले. "त्यांचा कसला विमा, बाई? उद्या एखादा गेला, तर दुसरी प्रत आहे."

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात इमारतीची तातडीची सभा भरली. ती कोपऱ्यावरच्या खानावळीच्या मागच्या खोलीत भरे, कारण तिथे भांडण झालं तरी बिअर हाताशी असे. व्यवस्थापनाच्या बाई स्वतः आल्या होत्या. बघतात तर खोली गच्च भरलेली. एरवी सभेला गणसंख्या जमत नसे. प्रत्येकजण ओटोकार यांच्याकडे असा बघत होता की, काळजी करू नका, आम्ही तुमच्या मागे आहोत. हेडी शेजारी बसली होती. ओटोकार खोकं घेऊनच आले होते. त्यांना वाटलं होतं की आज कायद्याचा प्रश्न निघणार, प्रती काढण्याचा. आणि त्यासाठी त्यांनी एक भाषण तयार केलं होतं, त्यात दोन ठिकाणी लॅटिन होतं.

व्यवस्थापनाच्या बाईंनी विषय काढला. हॉफराटबाई लगेच उठल्या. "माणुसकी म्हणून काही आहे की नाही? म्हातारी माणसं आहेत ती! जातील कुठे?"

"त्यांना माझ्या पिंजऱ्यातही जागा आहे," हाव्रानेक गरजले. "निदान एकाला."

आपल्या इन्स्टॉलरांना कुणी माणसं म्हणेल, आपला पिंजरा देऊ करेल, असं ओटोकार यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते उभे राहिले. भाषण त्यांना आठवेना. "मित्रहो," ते म्हणाले, "मला वाटत होतं की हे वेड माझ्या एकट्याचं आहे. तुम्हा सगळ्यांना त्यांची इतकी किंमत आहे हे बघून... मी बोलू शकत नाही. तुम्हीच बघा." आणि त्यांनी खोकं टेबलावर उपडं केलं.

चकत्या घरंगळल्या. एक पेनड्राइव्ह हॉफराटबाईंच्या बिअरमध्ये पडला.

"हे काय?" हॉफराटबाईंनी विचारलं.

"हेच ते. जुने इन्स्टॉलर."

बाईंनी पर्स उघडली. श्रवणयंत्र काढलं, पुसलं, कानात बसवलं. "पुन्हा म्हणा."

"इन्स्टॉलर."

"आणि नळवाले कुठे आहेत?"

त्यानंतर जे झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. हाव्रानेक म्हणाले की मला पहिल्यापासून संशय होता, आणि वाइनच्या बाटलीचा विषय काढला. श्ट्रूडेलवाल्या बाई म्हणाल्या, आम्ही मनाने दिला होता, पण नळवाल्यांसाठी दिला होता. व्यवस्थापनाच्या बाईंनी विषय निकाली निघाल्याची नोंद केली आणि त्यांना घरी जायची घाई झाली. या सगळ्यात हेडी काय करत होती? हेडी हसत होती. आधी रुमालात, मग टेबलावर डोकं ठेवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सगळी खोली हसली असती तरी ओटोकार यांनी सोसलं असतं. त्यांनी बिअरमधला पेनड्राइव्ह बोटांनी काढला, कोटाला पुसला आणि खिशात टाकला.

घरी परतताना हेडीने त्यांचा हात धरला. "ओटी, रागावलास?"

"नाही. शनिवारी कपाट रिकामं करतो. ठरलं होतं तसं."

हेडीला हे आवडलं नाही. तो भांडला असता तर तिने जॅमसाठी रक्त सांडलं असतं. पण तो असा नमला की तिच्या तोंडची जॅमची चव जाई. पैज मात्र पैज होती.

गुगलहुप्फ तर खाऊन झाला होता. ओटोकार यांच्या मानी मनाला ते बोचत राहिलं. खाल्लेल्या केकला जागायचं तर एकच मार्ग होता: कुठूनही, कसाही, एक खराखुरा नळवाला आणून हॉफराटबाईंच्या दारात उभा करायचा. दोन गल्ल्या सोडून शेस्ताक म्हणून एक म्हातारा इन्स्टालाटर होता. त्याच्या दुकानाचं शटर हिवाळाभर अर्धवट खाली होतं. ओटोकार वाकून आत शिरले. आयुष्यात प्रथमच ते कुणापुढे पदवी न सांगता वाकले होते.

शेस्ताक तोंड पाडून संगणकापुढे बसला होता. "काम घेत नाही," तो वर न बघताच म्हणाला. "कुणाचंच घेत नाही."

"एकच नळ आहे हो. वयस्कर बाई आहेत."

"साहेब, माझ्याकडे हजार नळ आहेत. कुठल्या घरात कुठला पाइप, कुठल्या भिंतीतून गेला, कधी बदलला, सगळं यात आहे." त्याने संगणकावर थाप मारली. "होतं. नाताळात जावई आला. म्हणाला, सासरेबुवा, अजून ही सिस्टिम? आणि नवी चढवली. माझा जुना प्रोग्रॅम उघडेना. दुकानवाला म्हणतो, जुनी सिस्टिम आता मिळत नाही, नवा प्रोग्रॅम घ्या, सगळं परत भरा. या वयात परत भरू? डोळे मिटून भिंत फोडू का मी लोकांची?"

शब्द जपून टाकत ओटोकार यांनी विचारलं, "जावयाच्या आधी कुठली होती?"

"नाव कुणाला माहीत? पडद्यावर डोंगर दिसायचा. पायथ्याशी तळं."

"तळ्यात सावली डावीकडे की उजवीकडे?"

शेस्ताकने पहिल्यांदा मान वर केली. "डावीकडे."

डावीकडे सावली असलेली पायरी ओटोकार यांच्या कोटाच्या खिशात होती. बिअरचा थोडा वास येत होता, एवढंच. त्यांनी नोंदींना धक्का न लावता जावयाची करणी पुसली, पेनड्राइव्ह लावला आणि हात जोडून बसले. पडद्यावर संदेश आला की ही प्रत खराब झाली आहे, फेकून द्या. शेस्ताकने कपाळाला हात लावला. ओटोकार मात्र मंद हसले. प्रत खराब नव्हती, तिची मुदत तेवढी संपली होती, आणि त्यावर उपाय असा की संगणकाची तारीख काही वर्षं मागे न्यायची. व्हिएन्नात काळ मागे नेणं ही युक्ती नाही, स्वभाव आहे. तारीख मागे गेली आणि इन्स्टॉलर मुकाट कामाला लागला. संध्याकाळी डोंगर उगवला, तळं आलं, आणि शेस्ताकने आपला जुना प्रोग्रॅम उघडून हेर्नाल्सचे सगळे पाइप एकदा डोळे भरून पाहिले.

"साहेब," तो म्हणाला, "हे तुम्ही कशाला जपून ठेवलं होतंत?"

"असंच," ओटोकार म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. इतकं सुख त्यांना निवृत्तीच्या सत्कारालाही झालं नव्हतं, आणि ते बघायला हेडी तिथे नव्हती.

शेस्ताक दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीत आला. हॉफराटबाईंची टपटप थांबली. हाव्रानेक यांचं घुर्र घुर्र मोरीतून निघालं ते एका खेळण्यातल्या बदकाच्या रूपाने. दुपारपर्यंत सगळी इमारत कोरडी झाली. आता तरी आपलं खरं ठरेल असं ओटोकार यांना वाटलं होतं. पण जिन्यात हाव्रानेक त्यांच्या कानाशी लागले.

"मानलं तुम्हाला, प्रोफेसरसाहेब! सभेत त्या बाईसमोर काय नाटक केलंत! चकत्या काय, बिअर काय! आम्हीसुद्धा फसलो. आणि म्हातारा शेवटी निघालाच की नाही बाहेर?"

"अहो, तो माझ्याकडे नव्हताच! मी त्याच्या संगणकात—"

"हो हो, संगणकात," हाव्रानेक यांनी डोळा मिचकावला. "बाकीचे कधी काढता?"

ओटोकार यांनी हॉफराटबाईंना समजावून पाहिलं. बाईंनी कानातून यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "मी कुणाला बोलायची नाही."

शेस्ताक सगळ्यात शेवटी विसग्रिलांकडे आला. स्वयंपाकघरातला नळ कित्येक महिने नीट बंद होत नसे. हेडी खाली पातेलं ठेवी. शेस्ताकने नळ उघडला, वाकून पाहिलं आणि हळहळला. "हा नळ बनवणारा कारखानाच बंद झाला हो. याची चकती आता कुठे मिळत नाही."

"म्हणजे नळ बदलायचा?" हेडीने विचारलं. "आणि फरशी?"

"फरशी फुटणारच."

हेडीचा चेहरा उतरला. त्या फरशा तिच्या आईने निवडलेल्या होत्या, निळ्या, हाताने रंगवलेल्या. शेस्ताक पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होता. त्याने बिस्किटांचा एक गंजका डबा काढला, त्यातल्या रबरी चकत्या टेबलावर ओतल्या आणि एकेक उजेडात धरून पाहू लागला.

"जुन्या आहेत. कारखाना बंद झाला तेव्हा उचलून आणल्या," तो ओशाळून म्हणाला. "आमची ही रोज म्हणते, टाकून द्या, तळघरात पाय ठेवायला जागा नाही. पण मला वाटतं, कुणाला कधी लागेल... ही बघा, बसली!"

नळ बंद झाला. थेंबही पडेना. हेडीने निळ्या फरशीवरून हात फिरवला.

"बरं झालं बाई," ती सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाली, "तुम्ही जपून ठेवली होतीत म्हणून!"

शेस्ताक आपल्या चकत्या डब्यात भरू लागला. ओटोकार यांनी जिभेच्या टोकावर आलेलं वाक्य गिळलं, नळाजवळ गेले, तो एकदा उघडला आणि पुन्हा बंद केला.

"ओटी, एक अक्षर बोललास तर याद राख," हेडी म्हणाली.

"मी कुठे काय बोललो?"

"तुझं तोंड मिटलेलं असलं तरी कान हसतायत." तिने खालचं पातेलं उचललं, पुसून फडताळात ठेवायला गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, "शनिवारी खाली जाऊ नकोस. गुडघे दुखतात तुझे. आणि या शेस्ताकसाहेबांना दोन बरण्या जॅम दे. नाही, चार दे."